म्हातारीवर भार नको

आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काळजी करण्याचं काम वरच्या मजल्यावरचे चाचा सगळ्यांच्या वतीनं एकटेच करत, म्हणून बाकीचे आम्ही सुखानं झोपत होतो. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. सगळी नोकरी पार अबू धाबीच्या पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत आणि बिऱ्हाड मात्र इथं, त्यामुळे आठवडाभर ते तिकडे आणि चाची इकडे. गावी जाताना विमानतळावरचा काउंटर उघडायच्या कितीतरी आधी हे बॅगांवर बसलेले असत. गॅस बंद केलाय ना, हे पाहायला एकदा निम्म्या वाटेवरून टॅक्सी वळवून आले आणि बंद गॅस पाहून त्यांना उलट नवी शंका आली, की आत्ता चाचपताना आपणच तो चालू तर केला नसेल. ही सगळी काळजी चाचीला मात्र कळता कामा नये, हा त्यांचा खाक्या. रुवैसला त्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा यांनी घरी ओव्हरटाइम सांगितला. नंतर वाकून चालत आले आणि कंपनीच्या कॅम्पातली गादी खराब आहे म्हणाले. चाचीनं पुढच्या खेपेला नवी गादी बांधून दिली आणि चाचांनी ती मुकाट्यानं पिकअपमध्ये टाकून नेली.

ही जुनी पिकअप म्हणजे चाचांची सोबतीण. तिला ते म्हातारी म्हणत. चाचा रिटायर झाले, व्हिसा संपत आला, तेव्हा कायमचं परतण्याआधी चाचीनं एकच मागणं मागितलं. जिथं तुमची उमर गेली ते रुवैस एकदा दाखवा. पण चाचीच्या कंबरेला फार वेळ बसणं सोसत नव्हतं. मग चाचांनी मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून गाडीमागं जोडायची भलीमोठी कॅराव्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, बाथरूम, सगळं. वाटेत थांबत, चाचीला जरा आडवं होऊ देत जायचं. प्रश्न एवढाच होता, की हे अख्खं घर म्हातारी ओढणार कशी.

चाचांनी तिला मोठा रेडिएटर बसवला. आता इंजिन तापणार नाही, पण गिअरबॉक्स तापला तर? म्हणून त्याच्या तेलाला वेगळा कूलर. आता ओढेल, पण थांबेल का? म्हणून कॅराव्हॅनचे ब्रेक पिकअपमधूनच लागतील अशी सोय. थांबेल, पण मागून कोण येतंय ते दिसेल का? म्हणून लांब दांड्यांचे आरसे. मग भार पेलायला मागच्या स्प्रिंगांचे पाटे बदलून जाडजूड घातले, टायर बदलले, आणि रोज संध्याकाळी तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवून ते उभे राहायला लागले. व्हिसाचे दिवस सरत होते आणि निघण्याचं नाव नव्हतं. चाची रोज खिडकीतून बघत असे. मलाच धडधडायला लागलं, की ही बाई रुवैस न बघताच जाणार. शेवटी माझी मुलगी जिन्यात त्यांना म्हणाली, "चाचा, जस्ट गो." त्यावर चाचांनी दोन्ही हात वर करून इन्शाल्ला म्हटलं आणि कॅराव्हॅनचे मागचे दिवे लागतात ना, हे बघायला मला माझी गाडी घेऊन मागं यायला सांगितलं. आम्ही एकदाचे निघालो.

अबू धाबी मागं पडली, तरीफही गेलं. एक लांबलचक ट्रक भर्रकन शेजारून पुढं निघाला आणि माझ्या डोळ्यांदेखत कॅराव्हॅन डावी-उजवीकडे शेपूट हलवायला लागली. तिच्यासोबत म्हातारीही हलत होती. त्या पिकअपमध्ये ती दोघं होती. चाचांनी कसाबसा वेग उतरवला आणि गाडी कडेला थांबवली. उतरून आधी ते सगळे टायर चाचपून आले. "खलास," ते म्हणाले. "परत फिरायचं. आपल्याला नाही झेपायचं हे."

चाची सावकाश उतरली आणि तिनं कॅराव्हॅनचं दार उघडून आत पाहिलं. पाण्याचे कॅन, तांदळाची गोण, हत्यारांची पेटी, सगळं पार मागच्या टोकाला रचलेलं. हे असं का, तिनं विचारलं. वजन पुढं ठेवा, नाहीतर ती शेपूट हलवेल, असं गॅरेजवाल्यानं बजावलं होतं, पण चाचांचं मन झालं नव्हतं.

"पुढं ठेवलं की म्हातारीच्या पाठीवर येतं ना," चाचा म्हणाले. "तिला कशाला त्रास?"

"मग एवढे जाड पाटे घातले कशाला? घेऊ दे तिला तिचा भार." चाची त्यांच्याकडे वळली. "मलापण कधी घेऊ दिला नाही. टाके मी तेव्हाच पाहिले होते. गादी दिली, म्हटलं आता तरी सांगतील."

चाचांनी एक कॅन उचलला आणि पुढं आणून ठेवला. मग आम्ही दोघांनी मिळून सगळं पुढं आणलं. म्हातारी मागून किंचित दबली आणि रुवैसपर्यंत अगदी सरळ चालली.

तिथं किनाऱ्यावर एक बाक होता. ड्युटी सुटल्यावर चाचा तिथं येऊन बसत. मी गाडीपाशीच थांबलो. चाचा बोलत होते, चाची ऐकत होती, मधेच डोळ्याला पदर लावत होती. अंधार पडेपर्यंत ते बोलतच होते.

आता म्हातारी विकली गेली, कॅराव्हॅनही गेली, वर नवे भाडेकरू आले. बिल्डिंगची काळजी करायला कोणी उरलं नाही, म्हणून झोपण्याआधी मीच गॅस दोनदा बघतो. फार आठवण आली म्हणून परवा रत्नागिरीला फोन लावला. चाचीनं उचलला. चाचांना सध्या कशाकशाची काळजी लागून राहिली आहे, ते तिनं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.