पॅकार्डचं गिऱ्हाईक

मालनवहिनींचा कुणावरही विश्वास नव्हता. मुलुंडला आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाला आला की त्या आधी दुधात बोट बुडवून बघायच्या, मग पातेलं पुढे करायच्या. पूर्वी त्या अशा नव्हत्या म्हणे. त्यांच्या धाकट्या भावाला आखातात नोकरी लावतो म्हणून एक लांबचा नातेवाईक महिनाभर त्यांच्याकडे राहिला, जेवला, गोड गोड बोलला आणि एक दिवस भावाचा पासपोर्ट घेऊन नाहीसा झाला. भाऊ गावाला परत गेला, तो पुन्हा मुंबईत आलाच नाही. तेव्हापासून कुणी गोड बोललं की वहिनींचे डोळे बारीक व्हायचे.

आम्ही त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो, मी तेव्हा शाळेत शिकत होते. त्यांचे यजमान काशीराम, म्हणजे आमचे भावजी, गिरणीत फिटर होते. संपात गिरणी सुटली आणि त्यांनी एका जुन्या बंगल्याच्या आवारात पत्र्याची शेड टाकून गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. बंगल्याचे मालक विद्याधर नावाचे म्हातारे गृहस्थ. मागच्या चिंचेखाली त्यांची पॅकार्ड सडत पडली होती. अमेरिकन गाडी, वरचा टप मागे दुमडता येणारी. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. "नेतोस तर ने बाबा, मला बघवत नाही तिच्याकडे," असं म्हणून त्यांनी गाडी रीतसर भावजींच्या नावावर करून दिली.

मग चार वर्षं भावजी त्या गाडीचे झाले. सडलेला पत्रा कापून नवा बसवला. एकेक नट रॉकेलमध्ये भिजवून साफ केला. न मिळणारे भाग गिरणीतल्या जुन्या सोबत्यांकडून लेथवर करून घेतले. रंग पसंत पडेना म्हणून तीनदा खरवडला, तेव्हा कुठे तो हवा तसा मोतिया आला. टप वहिनींनी शिवला, जाड कॅनव्हासचा, स्वतःच्या मशीनवर, आणि त्यात सुया किती मोडल्या ते विचारू नका. गाडी उन्हात उभी केली की रस्त्यावरची माणसं सायकल थांबवून बघायची.

८६ साली विद्याधर वारले. त्यांच्या मुलांनी बंगला बिल्डरला दिला, शेड काढायची वेळ आली. एवढी लांब गाडी चाळीत ठेवणार कुठे? भावजींनी पेपरात जाहिरात दिली आणि दोन दिवस ते गाडी पुसत बसले.

पहिला आला चंद्रप्रकाश. सफारी सूट, सेंटचा वास, बोलणं लोण्यासारखं. "काशीरामजी, तुमच्या हातात जादू आहे," म्हणाला. घासाघीस केली नाही. बरोबरच्या माणसाने टेप काढून दरवाज्याचं माप घेतलं, मग बॉनेटचं, मग मडगार्डचं. निघता निघता चंद्रप्रकाशने विचारलं, "बोल्ट सगळे सहज सुटतात ना? गंजून बसलेले नाहीत?"

"हातानं सुटतील," भावजी अभिमानाने म्हणाले.

"झकास. परवा टेम्पो पाठवतो."

"टेम्पो कशाला? चालवत न्या की," वहिनी मध्येच म्हणाल्या. "आणि ठेवणार कुठे गाडी?"

"अंधेरीला बंगला आहे, ताई."

"मग आम्ही तिथे येऊन नारळ फोडू. आमच्यात तशी पद्धत आहे."

"अहो, एवढ्या लांब कशाला त्रास?" तो हसला आणि निघून गेला.

अशी कुठलीही पद्धत नव्हती. वहिनी मला म्हणाल्या, "जया, गाडी घेणारा माणूस आधी आत बसून बघतो. हा बसलाच नाही. आणि ह्याला बोल्ट कशाला सोडवायचेत?"

भावजी वैतागले आणि घरच्या मालवणीत म्हणाले, "अगो, घेवक इललो माणूस, तू तेका पळवतस कित्याक? शेड रिकामी करूची आसा."

पण चंद्रप्रकाश ज्या टेम्पोतून आला होता त्याच्यावरची पाटी वहिनींनी वाचून ठेवली होती. मरोळचा एक खोकी बनवणारा कारखाना. दुसऱ्या दिवशी मला शाळेला दांडी मारायला लावून त्या मला बसने मरोळला घेऊन गेल्या. फाटकावरच्या माणसाला म्हणाल्या, "शिवणाचं काम आहे का? गोणपाट शिवते मी." त्याने आत सोडलं.

आत लाकडी खोकी रचलेली होती. एका कोपऱ्यात निळ्या गाडीचं नुसतं धड उभं होतं, चाकं नाहीत, दारं नाहीत. दोन माणसं एक मडगार्ड पेंढ्यात गुंडाळत होती. खोक्यावर यंत्राचे सुटे भाग असं रंगवलेलं होतं.

"हे काय रे?" वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जुन्या गाड्या हो, मावशी. अख्खी गाडी देशाबाहेर न्यायला बंदी आहे ना. म्हणून सोडवून पाठवतात. तिकडे जोडली तर जोडली, नाहीतर भाग विकतात."

वहिनींनी माझा हात घट्ट धरला. बसमध्ये बसेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

भावजींनी सगळं ऐकून घेतलं. हातातलं फडकं खाली टाकलं. मग शेडमध्ये गेले, इंजिनातला एक छोटा भाग काढून आणला आणि वहिनींना दिला. "हो ठेव. ह्याच्याशिवाय चालू जाऊची नाय." वहिनींनी तो पिठाच्या डब्यात खुपसला.

टेम्पो आला तेव्हा भावजी शेडच्या दारात उभे राहिले. गाडी विकायची नाही म्हणाले. चंद्रप्रकाशचा आवाज पहिल्यांदाच चढला. "शब्द दिला होतास तू. महागात पडेल."

"मरोळला बघितलेलं पोलिसांना सांगणं तुम्हाला महागात पडेल," वहिनी मागून म्हणाल्या. तो टेम्पोत चढला. पुढे कित्येक दिवस शेडजवळ कुणी अनोळखी थांबला की भावजी हातातलं काम टाकून बघायचे. तो परत आला नाही.

नंतर आला खंडू, खारदांड्याचा कोळी, स्वतःच्या बोटी असलेला. तो आला तो थेट दार उघडून स्टिअरिंगमागे बसला. त्याची बायको रुक्मिणी मागे बसली आणि तिने सीट दाबून बघितली. खंडूने तासभर घासाघीस केली. भावजी खूश झाले.

वहिनींना हाही पटेना. "एवढं सोनं गळ्यात? बोटीतून मासळीच आणतो का आणखी काही, कुणाला माहीत." रविवारी आम्ही दोघी खारदांड्याला. वहिनींनी मासळीवालीला विचारलं, पानवाल्याला विचारलं, जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. शेवटी मागून कुणीतरी हाक मारली. रुक्मिणीच होती.

"माझ्या नवऱ्याची चौकशी करताय ना? या घरात, मला विचारा."

वहिनींचा चेहरा उतरला. आत गेल्यावर रुक्मिणी चहा ओतत म्हणाली, "मी पण काल मुलुंडला आले होते. तुमच्या वाण्याला विचारलं, गाडी चोरीची तर नाही? गिरणीतला माणूस, अशी गाडी याच्याकडे कुठून?"

"काय म्हणाला वाणी?"

"म्हणाला, ती बाई घरात असताना चोरीची वस्तू उंबरा ओलांडणार नाही."

वहिनी इतक्या हसल्या की चहा सांडला. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

सौदा ठरल्यावर पिठाच्या डब्यातला तो भाग परत बसवून गाडी भावजींनी स्वतः चालवत खारदांड्याला नेली, टप उघडा टाकून. मी आणि वहिनी मागे बसलो होतो. वहिनी त्या गाडीत प्रथमच बसत होत्या. गाडी तयार झाल्यावर सीट मळेल म्हणून कधी बसल्या नव्हत्या. वाऱ्याने अंबाडा सुटला तरी त्यांनी तो बांधला नाही.

तिथे खंडूला गिअर समजावता समजावता भावजींची संध्याकाळ झाली. बोटींच्या इंजिनांचं काम मिळेल का, हेही तेवढ्यात बोलून झालं. निघायचं म्हणून मी वहिनींना शोधायला गेले. रुक्मिणीच्या ओटीवर, परक्या घरात, दार सताड उघडं असताना, त्या भिंतीला टेकून गाढ झोपल्या होत्या. रुक्मिणीने ओठांवर बोट ठेवलं, आणि मी बाहेर येऊन भावजींना म्हटलं, "थोडं थांबूया."