बरॅकीत नवीन आलेलं माणूस

आधीच सांगते, मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. अंगात येणं, भुताटकी, करणी... असलं कोणी काही बोललं की मी वाद घालायला बसायचे. वसतिगृहात अंधश्रद्धेविरुद्धचा कार्यक्रम दरवर्षी मीच ठेवायचे. म्हणून तर हे लिहायला दोन वर्षं गेली.

शहाद्याहून धडगावकडे जाताना, घाट लागायच्या अलीकडे एक लांबलचक दगडी इमारत आहे. कौलारू, पुढे ओटा, आत-बाहेर करायला एकच दार. सगळे तिला ‘बरॅक’ म्हणतात. इंग्रजांनी पलटणीसाठी बांधलेली. नंतर तिथे पोलीस राहिले, मग काही वर्षं धान्य ठेवलं, मग धरणात गाव गेलेली कुटुंबं राहिली आणि शेवटी आमचं मुलींचं वसतिगृह आलं. मी तिथली अधीक्षिका, अकरा वर्षं.

दोन वर्षांपूर्वी, जुलैत रमिला आली. सात वर्षांची, वरच्या पाड्यावरची. आई दोन महिन्यांपूर्वी गेलेली. डोक्यात केसांचा नुसता गुंता, पण हात लावू देईना. मदतनीस बाई फणी घेऊन गेली तर तिला चावली. बाप पायरीवर बसून डोळे पुसत होता. म्हणाला, "आईच विंचरायची, मॅडम. ती गेली तेव्हापासून फणी लागली नाही."

तो गेल्यावर पोरगी न जेवता शेवटच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. दुपारची वेळ, बाकीच्या मुली शाळेत. मी दारातच खुर्ची टाकून गणवेशांवर नावं घालत बसले होते. माझ्यासमोरून कोणी आत गेलं नाही – हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

तासाभराने उठून पाहिलं तर रमिला गाढ झोपलेली. आणि केस विंचरलेले! नुसते विंचरलेले नाहीत... बारीक बारीक वेण्या, एकीत एक गुंफलेल्या, तेल लावून चप्प बसवलेल्या. तेलाला मोहाच्या बियांचा वास. आमच्याकडे तर खोबरेल यायचं.

ती जागी झाल्यावर माझ्या मोडक्यातोडक्या पावरीत, म्हणजे तिच्या बोलीत, विचारलं, "वेण्या कोणी घातल्या गं?"

"बाईने."

"कोणत्या बाईने?"

तिने शेजारची मोकळी खाट दाखवली. "इथे बसली होती. म्हणाली, दुखलं तर सांग."

"मग? दुखलं?"

"नाही." आणि तिने जेवायला मागितलं.

मला भीती वाटली नाही. तेच जास्त छळत राहिलं. सुट्टीत मी बरॅकीत पूर्वी राहिलेली माणसं शोधायला लागले. शहाद्यात एक निवृत्त हवालदार भेटले, ऐंशीच्या पुढचे. ऐकून हसलेच.

"ताई, मी नवा भरती व्हयेल. बापना दिवस करीसन तठे हजर व्हयनू. सदरानं बटन तुटेल व्हतं. दुपारले जरासा आडा पडनू, उठनू तं बटन लायेल! तठे बाईमानूस कोठलं वं? सगळा गडी." मग म्हणाले, "जुना जमादारले सांगं, तं तो बोलना, आम्हना येळले बी आसंच व्हतं."

धरणामुळे उठलेली एक बाई तळोद्याकडच्या वसाहतीत सापडली. बरॅकीत आली तेव्हा बाळ पंधरा दिवसांचं. त्याच दिवशी पाणी घेऊन परतली तर बाळ न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून निजवलेलं. "शेजारणीने केलं असेल म्हटलं," ती म्हणाली, "आणि शेजारीण म्हणे, मी तर बाजाराला गेले होते!"

म्हणजे नवीन आलेलं माणूस. पहिलाच दिवस. एकदाच. पलटणीच्या काळातलं सांगणारं आता कोणी उरलं नाही, तिथे माझा शोध थांबला.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही नव्या इमारतीत गेलो. निघताना सगळ्या मुली टेम्पोत बसल्या आणि मी एकटी आत गेले. रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "येते हं, बाई." स्वतःचाच आवाज ऐकून लाजले. काही झालं नाही. कशाला होईल?

मागच्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. बरॅकीच्या दारावर माझा नंबर अजून रंगवलेलाच आहे. एक तरुण वनरक्षक होता. त्यांची तुकडी त्याच सकाळी तिथे राहायला आली होती.

"मॅडम, इथे कोणी बाई कामाला आहे का?"

"का रे?"

"ताप होता म्हणून मी एकटाच मागे राहिलो. आत्ता जाग आली, तर कपाळावर ओली पट्टी..."

मी विचारलं, "ताप उतरला का?"

"उतरला." मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "पण मॅडम, ती कोण?"

म्हटलं, "मला माहीत नाही रे बाळा."

खरंच माहीत नाही.