रिलीजच्या आठवड्यातली दाढ

आमच्या बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात मराठी माणसं मोजून चार, पण एकाची दाढ दुखली की चाळीस जणांचे सल्ले जमा होतात. माझी अक्कलदाढ काढून सहा महिने झाले, किस्से अजून संपत नाहीत. "आता अक्कल गेली!" हा विनोद ज्यांनी केला, त्यांची नावं मी घेणार नाही. तेवढी दयाळू आहे मी.

\*\*\*

दाढ आडवी वाढलेली. हिरडी चिरून, तुकडे करून काढली आणि टाके घातले. डॉक्टर म्हणाले, "तीन दिवस बोलू नका, थुंकू नका. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडं पडेल. मग ठणका काय असतो ते कळेल!"

मी आमच्या मॅनेजरला, प्रसादला, तीन दिवसांची सुट्टी मागितली. हा पुण्याचा माणूस स्वतःला शिंक आली तरी अख्ख्या ग्रुपला कळवतो. मला म्हणाला, "अगं, शुक्रवारी रिलीज आहे, क्लायंटला सॉफ्टवेअर द्यायचंय! आणि कोड काय दातांनी लिहितेस?" स्वतःच हसला. एक दिवस दिला, तोही उपकार केल्यासारखा.

\*\*\*

ऑफिसला निघाले तेव्हा गाल टम्म फुगलेला. ऑटोवाल्याने वळून बघितलं आणि स्वतःच्या दाताला बोट लावून विचारलं, "मॅडम, हल्लु?" कन्नडमध्ये हल्लु म्हणजे दात. मी मान हलवली. सर्जापूर रोडपासून ऑफिसपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याने "स्वल्प, स्वल्प", म्हणजे 'जरासंच', म्हणत ऑटो अलगद नेली. त्या आठवड्यात भेटलेला शहाणा माणूस तो एवढाच.

\*\*\*

ऑफिसात ओंकार, आमचा टेस्टर, वाट बघत होता. "तुझ्यासाठी खास सूप मागवलंय!" वाफाळतं सूप, वर मिरपूड. 'थंडच चालतं' असं मी कागदावर लिहून दाखवलं.

"अगं, गरमानेच शेक बसतो!"

दुधाचे सोडले तर या माणसाचा आजवर एकही दात पडलेला नाही. बाप्पा, काय तो आत्मविश्वास! शेवटी सूप त्यानेच प्यायलं, वर फिकं आहे म्हणाला.

\*\*\*

मग स्टँडअप. रोज सकाळची पंधरा मिनिटांची मीटिंग, आमच्याकडे पाऊण तास चालते, कारण प्रसाद बोलतो. मी माझं सगळं चॅटवर टाइप केलं.

"जरा बोलून सांग गं, टाइप केलेल्यात टोन कळत नाही!"

बोलले. तीन दिवस बोलले. चौथ्या दिवशी ठणका थेट कानात शिरला. वॉशरूममध्ये भिंतीला कपाळ टेकून मी रडले, चांगली हमसून रडले. डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि उखडले, "बोलू नका म्हटलं होतं ना?" गुठळी निघून गेली होती. पुढचे दहा दिवस मी पेज आणि गोळ्यांवर काढले.

आणि ती रिलीज? क्लायंटची तयारी नव्हती म्हणून महिनाभर पुढे ढकलली.

\*\*\*

पुढच्या महिन्यात, बरोबर रिलीजच्या आठवड्यात, प्रसादची दाढ काढली. वरची, सरळ, एकही टाका नाही. साहेबांनी पूर्ण आठवडा सुट्टी घेतली! ग्रुपवर सुजलेल्या गालाचा फोटो. मग दहीभाताच्या पहिल्या घासाचा फोटो. 'कुणाला कल्पना येणार नाही,' असा मेसेज. मला, म्हणे, कल्पना येणार नाही!

इकडे स्टँडअप नऊ मिनिटांत संपायला लागली. शुक्रवारची रिलीज बुधवारीच गेली. एकही बग नाही. ओंकारने तीनदा तपासलं, त्याचा विश्वासच बसेना.

सोमवारी प्रसाद गालाला मफलर गुंडाळून हजर झाला. मीटिंगला आमच्या डायरेक्टर शैलजा मॅडमही होत्या. त्या इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, बोलण्यात निम्मं कन्नड, 'बरं'च्या जागी कायम 'सरी'. प्रसाद कण्हत म्हणाला, "सॉरी, माझ्याशिवाय तुम्हाला फार जड गेलं असणार."

मॅडमनी रिलीजचा रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि अगदी मायेने विचारलं,

"सरी, प्रसाद. स्वल्प सांगा, अजून किती दाढा शिल्लक आहेत तुमच्या?"