घरगुती तेल, नैसर्गिक वायू आणि धोंडुबाईंचे मत

धोंडुबाईंनी आयुष्यात मत पुष्कळदा दिले होते. त्यांचे मत विचारायला मात्र आजवर कोणी आले नव्हते. म्हणून स्कूटीवरून उतरलेली मुलगी "आजी, तुमचं मत हवं होतं," असे म्हणाली, तेव्हा ती एखाद्या पक्षाची असावी असेच त्यांना वाटले.

"चिन्ह कुठलं तुमचं?" त्यांनी विचारले.

"चिन्ह नाही, आजी. निवडणूक जवळ आलीय ना, तर लोकांना काय वाटतं ते आमची संस्था विचारते. तेल आणि गॅसबद्दल."

आटपाडीपासून आत, माळावरची ती वीसेक घरांची वस्ती. धोंडुबाईंनी घोंगडे झटकून अंथरले, तांब्याभर पाणी पुढे ठेवले. मुलीचे नाव पल्लवी. कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या माणसाची ती लेक. तिच्या मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा होता. पलीकडे धोंडुबाईंचे यजमान बिरदेव चातीवर लोकर कातत बसले होते. कळप विकून दहा वर्षे झाली; चार मेंढरे मागे ठेवली होती, ती बहुधा या चातीसाठीच.

पल्लवीने कागदावरचे वाचून दाखवले, "घरगुती तेल व नैसर्गिक वायू यांच्या उत्पादनात वाढ व्हावी, असे आपणांस वाटते का?"

बिरदेवांची चाती थांबली. "नैसर्गिक वायू? हिच्या हातचं हुलग्याचं माडगं पी, पोरी. सांजपतोर उत्पादन वाढतंय का न्हाई बघ."

"आवं, गप बसा की! पावन्या पोरीम्होरं काय बोलावं, काय न्हाई?" धोंडुबाईंनी दटावले, पण पदराआड त्याही हसल्या. मग सावरून बसल्या. प्रश्न कोणी विचारला की त्याचे उत्तर नीट द्यावे, असा त्यांचा स्वभाव होता. "वाढाय पायजे, बाई. पर दोन म्हशीच्या शेणात गॅस वाढून वाढून किती वाढंल? टाकीला शेण पुरत न्हाई, उन्हाळ्यात कालवाय पाणी न्हाई. आन् घरगुती तेल म्हणशील, तर रानात करडईच ऱ्हायली न्हाई. आधी घाण्यावरनं डबा भरून आणायचो आमी."

हे चौदावे घर होते. ऊन चढले होते, आणि सकाळपासून पल्लवी असलीच उत्तरे ऐकत आली होती. कोणी सिलिंडर उशिरा येतो म्हणाले होते, कोणी शेंगतेल महागले म्हणाले होते. प्रश्नाखाली तीन चौकटी होत्या. तिने तिसरीत खूण केली.

"काय लिव्हलंस?"

"काही नाही, आजी. झालं."

धोंडुबाई पुढे वाकल्या. अक्षरे त्यांना उतारवयात, साक्षरतेच्या वर्गात भेटली होती. अजूनही त्या एकेकाची ओळख पटवूनच पुढे जात. त्यांनी खुणेपाशी बोट ठेवले. "सां-ग-ता... ये-त... ना-ही."

त्यांचे बोट त्या खुणेवरच राहिले.

फार वर्षांपूर्वी मेंढरे कोकणात उतरली असताना मतदान आले होते. धोंडुबाई कळप यजमानांच्या हवाली करून, तान्हे मूल पाठीशी बांधून, एसटीने दीड दिवसाचा प्रवास करून परतल्या होत्या. केंद्रावरच्या माणसाने यादी पाहिली आणि म्हणाला, "तुमचं मत पडलं, बाई." त्यांनी आपले बोट पुढे केले. त्यावर शाई नव्हती. कोरे बोट त्यांनी सगळ्यांना दाखवले, आणि सगळे हसले. आपल्या नावावर आपल्यावाचून काही घडून गेले, ही सल तेव्हापासून त्यांच्या मनात होती. बिरदेवांनाही त्यांनी ती कधी बोलून दाखवली नव्हती.

"मला सांगता येतंय की गं," त्या हळूच म्हणाल्या. "तुलाच इचारता येत न्हाई."

पल्लवी ओशाळली. तिने पेन खाली ठेवले. "घरगुती म्हणजे घरातलं नव्हे, आजी. आपल्या देशातलं. जमिनीखाली, समुद्राखाली तेल आणि गॅस असतो. तो आपणच जास्त काढावा, की बाहेरून आणावा, असं विचारायचंय."

"मग असं इचार की! घरगुती म्हंजे घरचं. देशाला कोण घरगुती म्हणतंय?"

बिरदेव काही बोलणार होते, पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी पुन्हा चाती फिरवली.

धोंडुबाई विचार करू लागल्या. कळपामागे चाळीस वर्षे त्यांनी तीन दगडांच्या चुलीवर, ओल्या काटक्यांवर भाकरी भाजली होती. डावा डोळा त्या धुराने अधू झाला होता. पण आठवली ती बनुबाई. पाटणच्या पुढे, घाटाच्या अलीकडे मुक्काम पडला की ही बाई त्यांना पाणी द्यायची. तिचे गाव विजेसाठी बांधलेल्या धरणाच्या पाण्याखाली गेले होते, आणि तिच्याच घरी वीज नव्हती. अंगणात उभी राहून ती म्हणायची, "आमचं रान त्या पान्याखाली हाय, धोंडे." मग तिने चिमणीची वात वर केली, की दोघी तिच्या उजेडात बोलत बसायच्या.

"लिही," धोंडुबाई म्हणाल्या. "आपल्या भुईत असंल तर काढावं. धुरानं माजा डोळा ग्येलाय, मी नगं कशी म्हणू? पर जिच्या भुईतनं काढतील तिला आदी इचारावं. आन् तिची चूल आदी पेटावी."

"‘सहमत’वर खूण करते, आजी. पण पुढच्याला... चौकट नाही हो."

"कडंला एवढी जागा मोकळी हाय, ती कुणासाठी ठेवलीया?"

पल्लवीने जुनी खूण खोडली, नवी केली, आणि समासात बारीक अक्षरांत ती दोन वाक्ये लिहिली. धोंडुबाईंच्या बोटाने त्यांवरून अक्षर-अक्षर प्रवास केला. ‘चूल’पाशी ते क्षणभर थांबले.

मग पल्लवीने गठ्ठा चाळला. आधीच्या घरांचे तेरा कागद, त्यांतल्या नवांवर तिसऱ्या चौकटीत तिच्याच हातची खूण. धोंडुबाईंनी ते पाहिले. मुलीचा उतरलेला चेहराही पाहिला. त्यांनी काठी घेतली, पायांत वहाणा सरकवल्या.

"आगं, ह्या उनाची कुठं निघालीस?" बिरदेवांनी विचारले.

"लोकांची मतं परस्पर पडल्यात. उचलून आणते."

पहिले घर अर्जुनाचे. तो गोठ्यात गव्हाण भरत होता. धोंडुबाईंनी कुंपणाबाहेरूनच हाक दिली आणि प्रश्न आपल्या भाषेत विचारला: देशाच्या भुईखाली तेल आहे, गॅस आहे, तो आपण जास्त काढावा का, आणि कसा.

अर्जुनाने हात झटकले. "धोंडाक्का, तुमी काय सांगितलंसा? त्येच लिव्हा माजंबी."

पल्लवीने पेन उचलले होते. धोंडुबाईंनी तिचा हात अलगद धरला.

"माजं कागदावर पडलं, गड्या. तुजं तू सांग."

अर्जुना दावणीच्या खुंट्यावर टेकला आणि डोके खाजवू लागला. धोंडुबाई कुंपणाशी काठीवर भार देऊन, ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या.