खुर्चीमागचा हात

या सदरात येणारे अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि अंक बाजूला ठेवतो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही 'आहे' असं म्हणवत नाही. मी दाताचा डॉक्टर. दात किडतो, मूळ सुजतं, पू होतो, काढला की माणूस बरा होतो... यात भुताखेतांना जागा नाही. तरी जे झालं ते झालं. मला ते खोडता आलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. मुंबईला शिकून मी अकोल्यात एका वयस्क डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होतो. लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. कुसुमला विषमज्वर झाला आणि ती गेली. मी शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसलो होतो आणि तापाचे आकडे बघत होतो. ती गेली तेव्हा मी उठून थर्मामीटर धुतला, पुसला आणि डबीत ठेवला. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "या मानसाच्या डोयात एक टिपूस नाई." त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचंही काही वाटलं नाही.

आपला स्वतःचा दवाखाना काढायचा, हे माझं आणि कुसुमचं ठरलेलं होतं. ती गेल्यावर मी तो काढला, तो काही उमेदीनं नाही. ठरलं होतं म्हणून काढला. वाशीम तालुक्यातलं रिसोड निवडलं, कारण तिथे दाताचा डॉक्टर नव्हता आणि मला ओळखणारं कुणी नव्हतं. वाशीम स्टेशनापर्यंत रेल्वेनं, पुढे कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं. चढ आला की सगळ्यांनी उतरून चालायचं. टपावर माझं पायानं चालवायचं ड्रिल पोत्यात बांधलेलं. कंडक्टर म्हणाला, "शिलाई मिशन हाये का जी? टेलर हा का तुमी?" मी हो म्हणालो. समजावून सांगायचा कंटाळा आला.

बाजारओळीत गफूरभाई पिंजाऱ्यांचं घर होतं. पुढच्या पडवीत ते कापूस पिंजत आणि बाजूची लांबट, अरुंद खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. खुर्ची विकत आणणं मला शक्य नव्हतं. गावातल्या सुताराकडून सागवानी खुर्ची करून घेतली, मागे डोकं टेकवायला गोल उशी. खोली इतकी अरुंद, की खुर्चीची पाठ भिंतीला जवळजवळ लागलेली. मधल्या फटीत मांजर मावलं असतं, माणूस नाही. मी नेहमी पेशंटच्या उजव्या हाताला, पुढून उभा राहायचो. हे नीट लक्षात ठेवा.

बोर्ड लागला, पण पेशंट येईना. आठवडी बाजारात चिमटा घेऊन बसणारा एक माणूस होता, दात दुखला की लोक त्याच्याकडे जात. गफूरभाईंना माझ्यापेक्षा जास्त काळजी. "डाक्टरसाब, तुमी भाईर येऊन बसत जा ना. लोकाइले दिसलं पाह्यजे का डाक्टर हाये म्हून." मी बाहेर बसायचो. पडवीतून धनुकलीचा ट्यँव ट्यँव आवाज यायचा, कापूस उडायचा. एकदा औजारं उकळताना गरम पाणी हातावर सांडलं. फोड आलेला गफूरभाईंनी दाखवला तेव्हा मला कळलं.

पहिली पेशंट गंगाबाई माळीण. गावाबाहेर मळा, रोज टोपलीत वांगी-मेथी घेऊन बाजारात बसायची. गाल टम्म सुजलेला. टोपली दारातच ठेवून आत आली आणि म्हणाली, "काढा."

बधिर करायच्या इंजेक्शनचं पार्सल मुंबईहून निघालं होतं, पोचलं नव्हतं. लढाईमुळे सगळंच अडकत होतं. मी म्हणालो, "बाई, औषध आल्यावर या. तसा काढला तर सहन नाही व्हायचं."

"रातभर सहनच करून राह्यले ना मी. काढा तुमी."

दाढ खालची, मुळं वाकडी. मी फोर्सेप्स लावला. अशा वेळी माणूस काय करतं ते मला ठाऊक आहे... हात धरतं, लाथ मारतं, ओरडतं. गंगाबाई हलली नाही. दाढ निघाली, तिनं थुंकलं, पदरानं तोंड पुसलं.

मी विचारलं, "फार दुखलं का?"

"नाई जी. त्या बाईनं कपाय धरलं होतं ना माह्यं. गार हात होता, बरं वाटलं."

मला वाटलं तापात बोलते आहे. मी गुळण्यांचं औषध दिलं आणि विषय सोडला. ती जाताना चार वांगी ठेवून गेली आणि खुर्चीकडे बघून म्हणाली, "येतो बाई." खुर्चीकडे!

दुसरे उर्दू शाळेचे मुन्शी मास्तर. तोंडात कापूस धरून तेही तेच बोलले. "आपके घर से थीं क्या पीछे? बडी मेहेरबानी. हाथ रखा तो दर्द का पता नहीं चला." मी म्हणालो, माझ्या घरात कुणी नाही. मास्तरांनी मागे वळून भिंत बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि टोपी घालून गेले.

मग एकामागून एक. या लोकांची आपसात ओळख नव्हती. कुणी धनजकडून रिसोडला लेकीकडे आलेली म्हातारी, कुणी बैलबाजाराला आलेला शेतकरी. सगळे एकच सांगत — मागून कपाळावर हात आला, बाईमाणसाचा, गार. कुणी पाहिलं नाही. पाहणार कसं, डोकं उशीवर टेकलेलं, तोंड उघडं. पुढे इंजेक्शनचं पार्सल आलं. मी ती द्यायला लागलो, तरी हात होताच. बाजारात बोलणं पसरलं, की रिसोडच्या डॉक्टरची बायको डोकं धरते, दुखत नाही. सकाळपासून पडवीत माणसं बसायला लागली. गफूरभाई कापसाचे गठ्ठे बाजूला सारून त्यांना जागा करून देत.

डॉक्टरची बायको...

हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा एक दाढ अर्धी भरून झाली होती. मी ती पुरी भरली. हात धुतले. मग दार लावून भिंतीजवळ उभा राहिलो. कुसुमचे हात कायम गार असायचे. उन्हाळ्यातही. ती मागून येऊन माझ्या मानेवर ठेवायची आणि मी ओरडायचो.

त्या दिवसापासून मी सुट्टी घेणं बंद केलं. रविवारी उघडं, सणाला उघडं. पेशंट असला तरच हात यायचा, म्हणून मला पेशंट हवा होता. जेवायचं राहून जायचं. दात काढता काढता मी त्या उशीच्या वरच्या मोकळ्या जागेकडे बघायचो. तिथे काही नसायचं. चुन्याचा पोपडा आणि एक खिळा. काम झालं की प्रत्येकाला विचारायचो — हात कसा होता? बांगड्या लागल्या का? लोक बिचकायला लागले.

गफूरभाई एकदा धनुकली खाली ठेवून आत आले. "डाक्टरसाब, बुरा मत मानो. थे कोनी असंल ते असंल, तुमी तिच्यामागं काहून लागले? आपलं काम करा."

मी म्हणालो, "ती माझी बायको आहे."

गफूरभाई बाहेर जाऊन परत पिंजायला बसले.

थंडी संपता संपता एका दुपारच्या मोटारीनं सासूबाई आल्या. कुसुम गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. बरोबर त्यांचे दीर होते, त्यांना पडवीत बसवून त्या एकट्याच आत आल्या. गाल सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अकोल्याचे डाक्टर गावाले गेले. दुसरं कोनी नाई म्हून आलो."

"बसा, आई."

माझी छाती धडधडत होती. कित्येक महिन्यांत ती मला जाणवलीच नव्हती. मी त्यांना हाताबद्दल एक शब्द बोललो नाही. इंजेक्शन दिलं, थांबलो, हिरडी टोचून पाहिली. मनात एकच होतं. बाकी लोक परके, त्यांना काय ओळखणार... ही तिची आई आहे. हिला कळेल.

दाढ सहज निघाली. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले होते. मी जखमेवर कापूस ठेवला आणि उभा राहिलो. जरा वेळानं त्यांनी डोळे उघडले, मान वळवून भिंतीकडे बघितलं. मग तोंडातला कापूस काढून म्हणाल्या, "मांगं कोन होतं?"

"कोणी नाही."

"हात ठेवला ना मले कोनी."

"आई," मी म्हणालो. "कुसुमचा होता?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अकोल्याला सगळ्यांदेखत बघितलं होतं तसं नाही. मी काय विचारतो आहे, ते त्यांना हळूहळू उमगत गेलं आणि चेहरा बदलत गेला.

"नाई," त्या म्हणाल्या.

"नीट आठवा. गार होता ना?"

"गार होता. पन कुसुमचा नवता, जावईबापू. माह्या पोरीचा हात मले वळखू येनार नाई का? तिचा हात लहान बोटाइचा होता. हा मोठ्या बाईचा हात होता. म्हातारीचा. काम करून करून भेगा पडलेला, मातीचा वास येनारा." मग म्हणाल्या, "कोन हाये ते मले नाई मालूम. पन ते आपली नोहे."

मी फोर्सेप्स तबकात ठेवायला गेलो. तो तबकाच्या कडेवर वाजत राहिला, ठेवता येईना. सासूबाईंनी खुर्चीतून वाकून तो माझ्या हातातून काढून घेतला आणि ठेवला.

"तुमी समजून राह्यले होते का ते येते म्हून?"

मी मान हलवली.

"आन् मले वाटलं तुमाले काईच वाटलं नाई..." त्यांनी पदर तोंडाशी धरला. रक्त येत होतं. मी दुसरा कापूस दिला. "दाबून धरा," मी म्हणालो, आणि माझा आवाज फाटला. मग मी तिथेच खाली बसलो. त्यापुढचं फारसं आठवत नाही. पडवीत पेशंट होते, त्यांना ऐकू गेलं असणार. धनुकलीचा आवाज थांबला होता, एवढं आठवतं. नंतर गफूरभाई लोकांना सांगत होते, "आज दवाखाना बंद हाये. जा, उद्या या."

सासूबाई आठवडाभर राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी चूल पेटवली. आम्ही कुसुमबद्दल बोललो. लहानपणी ती कशी होती, अळीवाचे लाडू चोरून कशी खायची. मला ते काही माहीत नव्हतं. जाताना मोटारीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "अकोल्याले येत जा. कोनी नाई मले तरी आता."

मी जायला लागलो.

हात त्यानंतरही पेशंटच्या कपाळावर येत राहिला. मी विचारणं सोडलं, पण लोक आपणहून सांगत. नंतर मी चौकात मोठी जागा घेतली. खुर्ची तीच नेली. तिथे कुणालाच कधी काही जाणवलं नाही. माझी जुनी खोली गफूरभाईंनी कापूस ठेवायला घेतली. तिथे कुणी डोकं टेकवून बसण्याचा प्रश्नच नव्हता.

मी चौकशी केली, नाही असं नाही. गफूरभाईंच्या वडिलांनी ती खोली बांधली, त्याआधी तिथे मोकळी जागा होती. कुणी बाई तिथे मेली नव्हती, कुणी राहिली नव्हती. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना असा हात असलेली कुणी आठवेना. गंगाबाईला मी एकदा सगळं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "असंल कोनी. तिले वाटलं असंल धरावं म्हून."

माझे डॉक्टर मित्र म्हणतात, एकाचं ऐकून दुसऱ्याला वाटतं, याला सूचनेचा परिणाम म्हणतात. असेल. पण गंगाबाईनं कुणाचं ऐकलं होतं? आणि सासूबाईंच्या कानावर अकोल्यात काय गेलं होतं? 'डॉक्टरची बायको' हे त्यांनी ऐकलं असतं, तर त्यांनी लेकीचाच हात सांगितला असता.

ती बाई कोण होती, माझ्याच खोलीत का आली, अनोळखी लोकांची कपाळं का धरत होती... मला आजही सांगता येत नाही. ती कुसुम नव्हती, एवढंच मला माहीत आहे. ते कळलं त्या दुपारी माझी बायको खरोखर गेली.