चारही टायर साफ

लिंबराज कोणत्याही मोटारीत चढण्याआधी तिच्या चाकापाशी उकिडवा बसायचा. सदऱ्याच्या खिशातून ज्वारीचा एक दाणा काढायचा, टायरच्या खाचेत दाबून बसवायचा आणि वरून तळहात फिरवायचा. दाणा हाताला लागला नाही तर उठून मोटारीत चढायचा. लागला तर दाणा परत खिशात टाकायचा, डबीतला ओला चुना बोटावर घ्यायचा आणि त्या टायरवर ठसठशीत फुली मारायचा.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते उस्मानाबादच्या मोटारस्टँडवर. पत्नी आणि धाकटी मुलगी यांच्यासह मी सोलापूरला निघालो होतो. आषाढ होता, आभाळ गळत होतं. मोटारीच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून आवाज आला, "रावसाहेब, पोरीला घिऊन ह्या गाडीत बसू नगा. दाणा लपत न्हाय."

मी म्हणालो, "ही मोटार रोज जाते. आणि रोज पोहोचते."

"म्या बी अकरा दिवस पोचलो हुतो," तो म्हणाला. "बाराव्या दिवशी न्हाय पोचलो."

पत्नी खाली उतरली. मी चडफडत तिच्यामागे उतरलो. आम्हाला दुसरी मोटार तीन तासांनी मिळाली. फुली मारलेली ती मोटार त्या दिवशी सुखरूप सोलापूरला पोहोचली, हेही इथे सांगायला हवं. मला आकड्यांची सवय आहे आणि सोयीचे तेवढेच आकडे सांगणं मला जमत नाही.

त्याची हकीकत मला स्टँडवरच्या लोकांकडून कळली. निजामाचं संस्थान विलीन झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो त्याच रस्त्यावर, सर्जेराव नावाच्या मालकाची प्रवासी सर्व्हिस मोटार चालवत असे. तुळजापूर सोडलं की सोलापूरच्या बाजूला घाट उतरतो. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या बैलगाड्या चाकांना लागलेला काळा चिखल त्या रस्त्यावर आणून टाकतात. वर झिमझिम चालू असली की डांबरावर लोणी फासल्यासारखं होतं. नक्षी असलेला टायर तो चिखल कापतो. गुळगुळीत झालेला टायर त्याच्यावर तरंगतो.

लिंबराज सलग बारा दिवस रोज सकाळी मालकाकडे जाऊन सांगत होता, "मालक, चारी टायर साफ झाल्यात."

आमच्याकडे झिजून सपाट झालेल्या टायरला साफ झालेला टायर म्हणतात. बाराव्या दिवशी मालक हसून चार लोकांत म्हणाला होता, "साफ हायत न्हवं? मग बरंच की! घाण झाल्यावर सांगाया ये."

लोक हसले. त्याच दिवशी मोटार घाटातल्या शेवटच्या वळणावर घसरली आणि नाल्यात गेली. तीन माणसं गेली. त्यांतली एक लिंबराजची थोरली बहीण. आई लहानपणीच वारल्यामुळे याच अक्काने त्याला वाढवलं होतं. त्या दिवशी तोच तिला म्हणाला होता, "चालत कशाला जातीस? माझ्या गाडीत बस."

खटला झाला. मालक सुटला. लिंबराजला हयगयीने मोटार चालवल्याबद्दल चार महिन्यांची कैद झाली आणि त्याचा परवाना गेला. कैद त्याने काढली. पण अक्काचे यजमान, त्याचे दाजी, यांनी त्याला उंबरा बंद केला. "कोर्टानं सांगितलंय," दाजी म्हणाले होते. "टायर चांगले हुते. ती तुझ्या हातानं मेली."

तुरुंगातून सुटल्यावर गावातली पोरं त्याला डिवचत. "काय लिंबराज, कोयता गंजला का?"

तो म्हणे, "कोयत्यानं मालक एकदा मरंल. मला त्याची मोटार रोज रिकामी जाताना बघायची हाय."

आणि तो स्टँडवर येऊन बसला. हातात चुन्याची डबी, खिशात मूठभर ज्वारी. सुगीत शेतावर मजुरी करायचा, पण मृगापासून चार महिने स्टँड सोडायचा नाही. मालकाच्या तीन मोटारी होत्या. त्यांतल्या एकीवर तरी फुली पडली नाही असा दिवस विरळा. सुरुवातीला लोकांनी त्याला वेडा ठरवलं. पण माणसाचं मन विचित्र असतं. फुली दिसली की पायरीवरचा पाय थबकायचाच. लेकुरवाळ्या बाया आधी त्याला विचारायच्या, "मामा, आज कसं हाय?" दोनदा पोलिसाने त्याला हुसकावलं. तो रस्त्यापलीकडे जाऊन बसला आणि मोटार सुटायच्या वेळी परत आला. एकदा मालकाच्या माणसांनी त्याची डबी पायाखाली चिरडली. दुसऱ्या दिवशी तो दोन डब्या घेऊन आला.

मी एकदा त्याला विचारलं, "अजून किती वर्षं असं करणार?"

"मालकाला जेवण गोड लागंस्तवर."

"म्हणजे?"

"त्याला कधीच गोड लागू द्यायचं न्हाय, रावसाहेब."

त्याच्या बोलण्यात चीड नसायची, ओरड नसायची. विहिरीचं पाणी किती हातांवर आहे हे सांगावं तसा तो सुडाबद्दल बोलायचा. मला त्याची भीती वाटायची आणि आदरही.

पाच पावसाळे असे गेल्यावर त्याने कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला होता, खाली अंगठा होता. मागणी एकच होती. पावसाळ्याच्या चार महिन्यांत घाटातून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला नक्षी शाबूत असलेले टायर सक्तीचे करावेत. मी त्याच कचेरीत कारकून. अर्ज माझ्या टेबलावर आला. खरं सांगायचं तर मला मागणी पटली नव्हती. मोटारी आधीच कमी, नवे टायर महिनोन् महिने मिळत नाहीत, सक्ती केली तर गाड्या उभ्या राहतील, असं टिपण मी मनात तयारही केलं होतं. पण अर्जात जुन्या अपघाताचा उल्लेख होता, म्हणून त्या खटल्याची मिसल, म्हणजे कागदांची फाईल, मी दप्तरखान्यातून मागवली.

मिसल उघडली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. वर मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, खाली मूळ उर्दू पंचनामा. निजामाच्या काळात माझं शिक्षण उर्दूतून झालं. राज्य बदललं, कचेरीचं कामकाज मराठीत आलं, तेव्हा जुने पोलीस जमादार अजून उर्दूतच लिहीत. त्यांच्या कागदांचा तर्जुमा करायचं काम आम्हा तरुण कारकुनांकडे आलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. एका दिवसात एकोणतीस पानं उरकली म्हणून हेडक्लार्कने माझी पाठ थोपटली होती, ते मला चांगलं आठवतं.

जमादाराने मूळ पंचनाम्यात लिहिलं होतं, "चारों टायर साफ."

तर्जुम्यात होतं, "चारही टायर स्वच्छ व ठीक."

अक्षर माझं होतं. खाली सही माझी होती. कोर्टाने निकालात याच वाक्याचा आधार घेतला होता. "व ठीक" हे दोन शब्द तर मूळ कागदात नव्हतेच. वाक्य अपुरं वाटलं म्हणून मी ते पदरचे घातले होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी बेरीज चुकवली नाही, त्याने एका शब्दाची अशी वाट लावली होती.

ती मिसल परत बांधून ठेवणं सोपं होतं. दुपारपर्यंत मी तो विचार केला. मग स्टँडवर गेलो आणि लिंबराजला सगळं सांगितलं. तो ऐकून उठला आणि पुढच्या मोटारीच्या चाकापाशी जाऊन बसला. मला वाटलं, त्याला नीट कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी सडा घालायला बाहेर गेली आणि तिने मला हाक मारली. लिंबराज दारात उभा होता. आमच्या दाराच्या उजव्या फळीवर चुन्याची फुली होती, अजून ओली.

"रावसाहेब," तो म्हणाला, "तुमी बी साफ निघालात."

पत्नी म्हणाली, "अहो, काय हे? पुसा आधी ते."

"पुसायची न्हाय, बाई. म्या सांगंन तवा पुसायची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सुनावणीला तो शब्द मोठ्यानं वाचायचा. दाजींना म्या आणतो. त्यांच्या कानात पडला पायजे. मालकाच्या बी."

अर्जाची सुनावणी डेप्युटी कलेक्टरांपुढे झाली. मालक कडक इस्त्रीच्या कोटात आला होता. दाजी दाराजवळ, लिंबराजपासून चार हात दूर बसले. मी उठलो, दोन्ही कागद हातात घेतले आणि आधी उर्दू वाचलं, मग मराठी. मग सांगितलं की चूक माझी आहे, जमादाराची नाही आणि या ड्रायव्हरचीही नाही.

साहेबांनी मालकाला विचारलं, "साफ या शब्दाचा तुम्ही काय अर्थ घेता?"

"साफ म्हंजी साफ, साहेब."

लिंबराज जागेवरून म्हणाला, "मालक, तवा हसला हुता. आज बी हसा की."

मालक हसला नाही. पण तो कच्चा नव्हता. त्याने मांडलेला मुद्दा माझ्याच मनातल्या टिपणातला होता. "सक्ती करा साहेब, आमी मोटारी उभ्या करतो. मग बाळंतिणीनं दवाखान्यात चालत जायचं का?"

लिंबराज म्हणाला, "मोटार न्हाय मिळाली तर बाई उशिरा पोचंल. पर पोचंल."

"आणि तपासणार कोण?" साहेबांनी विचारलं. "या कामाला माझ्याकडे एकच माणूस आहे."

"दाणा तपासंल, साहेब. त्याला लिवाया-वाचाया लागत न्हाय. बाईमाणूस बी तपासंल."

मालक म्हणाला, "मग तपासाच. माझी मोटार बाहीर उभी हाय."

सगळे अंगणात गेलो. साहेबांनी स्वतः दाणा घेतला, खाचेत बसवला, वरून तळहात फिरवला. दाणा लपला होता. चारही चाकांवर लपला. मालकाच्या तोंडावर हसू आलं. दाजींनी मान खाली घातली.

लिंबराज चाकापाशी बसला. खाचेत बोट घालून बराच वेळ चाचपत राहिला. मग कमरेचं दाभण काढून त्याने खाचेच्या तळाशी टोचलं आणि हलकेच ओढलं. दाभणाला सुताचा धागा लागून आला. टायरच्या आतलं सूत.

"खाच नवी हाय, साहेब, रबर जुनं," तो म्हणाला. "चांभाराच्या रापीनं कोरून काढलीया. आता हे टायर नुसतं घसरत न्हाय, फुटतंय." त्याने तो धागा मालकाच्या कोटाच्या बाहीवर ठेवला. "मालक, दाण्याला फसवाया गेला. आता चौथं मढं कुणाचं धरलं हुतं?"

आदेश निघाला. घाटातल्या मोटारींना पावसाळ्याचे चार महिने नक्षीचे टायर सक्तीचे, कोरलेले टायर पूर्ण बंद. मसुदा मीच लिहिला. साफ, ठीक, चांगले यांपैकी एकही शब्द त्यात येऊ दिला नाही. ज्वारीचे सहा दाणे ओळीने लावून फूटपट्टीने मोजले. ते एका इंचाला किंचित कमी भरले. म्हणून खाचेची खोली एक षष्ठांश इंच लिहिली आणि पुढे, "म्हणजे ज्वारीचा दाणा पूर्ण लपेल इतकी." साहेबांनी भुवई उंचावली, पण ओळ खोडली नाही. माझ्या सेवापुस्तकात चुकीच्या तर्जुम्याबद्दल शेरा पडला. तो योग्यच होता. खटला मात्र पुन्हा उघडला नाही, मुदत केव्हाच संपली होती. निकालाच्या कागदावर लिंबराज आजही दोषी आहे.

अंगणातून सगळे पांगले तेव्हा दाजी तिथेच उभे होते. ते जवळ येऊन म्हणाले, "लिंबराज, जेवाया ये." लिंबराजने तोंडावर उपरणं धरलं. त्याला रडताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

त्या पावसाळ्यात मालकाच्या दोन मोटारी उभ्या राहिल्या, पुढच्या वर्षी तिसरी. प्रवाशांचे हाल झाले, हे मान्य करायला हवं. दीड महिना लोक टपावर बसून गेले, कित्येक जण चालत गेले. पण मी कचेरीत बसून पुढचे सात पावसाळे मोजले. त्या घाटात टायर घसरून गेलेला माणूस, एकही नाही. सक्ती असावी की नसावी, या प्रश्नावर माझं पूर्वीचं टिपण मी मनातूनही फाडून टाकलं आहे.

एकदा सर्जेराव मालक स्वतः प्रवासी म्हणून स्टँडवर आला. मोटारी विकल्या होत्या, कोटाची इस्त्री गेली होती. बारीक पाऊस पडत होता. तो पायरीपाशी थांबला आणि खाली न बघता म्हणाला, "लिंबराज, बसू का?"

लिंबराजने दाणा बसवला, तळहात फिरवला. "साफ हाय," तो म्हणाला.

मालक मुकाट्याने मागे फिरला आणि दुसरी मोटार येईपर्यंत दोन तास छत्रीखाली उभा राहिला. मी लिंबराजला हळूच म्हणालो, "वाचवलंस की त्याला. माफ केलंस?"

तो माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला. खिशातून तोच दाणा काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. "दाणा लपत हुता, रावसाहेब. बसला असता तरी पोचला असता. त्याला माझ्या एका शब्दावर उभा ठिवायचा हुता."

लिंबराज गेला त्याला दोन वर्षं झाली. दुखणं आलं तेव्हा मी भेटायला गेलो होतो. निघताना दारात थांबून म्हटलं, "लिंबराज, माझ्या दारावरची फुली आता पुसू का?"

त्याने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "न्हाय."

दार दोनदा रंगवलं, फुलीची जागा सोडून. पत्नी आता पुसा म्हणत नाही. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मृगाआधी मी डबीत चुना कालवतो आणि फुली पुन्हा मारतो.