डोळ्यांनी धरलेले पाय

“आज पण सकाळी सकाळीच टाकून आलेत बघा,” कचेरीच्या पायरीवर उभे असलेले हेडक्लार्क शेजारच्या कारकुनाला म्हणाले.

दवाखान्याच्या खिडकीत बसून मला ते स्पष्ट ऐकू आलं. कचेरी आणि दवाखाना एकाच आवारात होते, मधे फक्त अंगण. त्या अंगणातून कचेरीचे एक शिपाई टपालाची पिशवी खांद्याला लावून येत होते. वय पन्नाशीच्या आसपास. प्रत्येक पाऊल गरजेपेक्षा वर उचलायचे आणि टाच जमिनीवर आपटायचे. जमीन कोरडी होती, सपाट होती, पण बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस गुडघाभर चिखलातून चालला आहे. मान खाली, नजर पायांवर.

“काय रे, भाताच्या आवणीला निघालास की काय?” कारकुनाने विचारलं. सगळे हसले.

“सरकार बदललं,” हेडक्लार्क म्हणाले, “पण मोहाची झाडं काय बदलली नाहीत.”

शिपाईही हसले. हसताना त्यांनी मान वर केली आणि लगेच पुन्हा खाली घातली.

जव्हार संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे मामा सरकारी डॉक्टर म्हणून इथे बदलून आले होते आणि इंटर सायन्सची परीक्षा देऊन मी त्यांच्याकडे राहायला आले होते. माझं सगळं शिक्षण मुंबईत, इंग्रजी शाळेत झालेलं. घरी आम्ही मराठीच बोलत असू, पण चार लोकांसमोर ती माझ्या तोंडातून निघत नसे. कुणी हसेल याची धास्ती वाटे. म्हणून मी दवाखान्याच्या आतल्या खोलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत, नोंदवही लिहीत बसे. हेडक्लार्क मला ‘मडमबाई’ म्हणत, तेही माझ्यासमोर. मी ऐकू न आल्यासारखं करी. न बोलणाऱ्या माणसाला बघत राहायची सवय लागते, तशी मला लागली होती.

शिपाई पोशेऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचे. संस्थानच्या काळापासून नोकरीत होते. टपाल घेऊन जव्हारहून मोखाड्याला पायी जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, हे त्यांचं काम. आता संस्थानच्या जुन्या नोकरांना नव्या सरकारात कायम करायचं चाललं होतं. त्यासाठी प्रत्येकाला डॉक्टरचा दाखला लागे. दारूबंदीचा कायदाही आमच्या डोंगरापर्यंत पोचला होता. दाखल्यात ‘प्यालेला’ असं आलं की नोकरी जायची आणि वर पोलीस मागे लागायचे. पाड्यावर त्यांची बायको होती, दोन मुली होत्या आणि नाचणीपुरता डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचा एक तुकडा होता. त्या तुकड्यावर चौघांचं वर्ष निघत नसे.

दवाखान्यामागे पाण्याची दगडी डोण होती. आवारात आले की शिपाई तिथे तोंड धूत. एक हात भिंतीला टेकवून, दुसऱ्या हाताने. रोज तसंच. का, हे मला कळत नव्हतं. एकदा त्या भिंतीला नवा चुना दिला होता. तो ओला होता म्हणून त्यांनी भिंतीला हात लावला नाही. दोन्ही हातांची ओंजळ केली, डोळे मिटून पाणी तोंडावर मारलं आणि उभेच्या उभे मागे पडले.

मी धावत गेले. जवळ गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं ते सांगायची अजून लाज वाटते. मी वास घेतला. तंबाखूचा वास होता, ओल्या कपड्यांचा होता. दुसरा कसलाही नव्हता.

“लागलं का तुम्हाला?”

“नाय बाय.” ते उठून बसले, इकडेतिकडे पाहिलं. “डोळं मिटलं ना, का पाय हरवतात.”

“हरवतात म्हणजे?”

“पाय माझंच हायेत. जोर बी हाय. पण कुठं हायेत ते मला कळत नाय. डोळ्यांनी धरून चालतो. रानात जरी चाललो तरी खाली गोधडी अंथरलीय असं वाटतं.”

“मग मामांना दाखवा ना.”

“नको बाय. आजारी लिवलं तर घरी बसवतील. कुणाला सांगू नका.”

मी मान हलवली. गप्प राहण्याचं वचन देणं मला जड नव्हतं.

काही दिवसांपूर्वी, दवाखान्यात कुणी नसताना, मामांनी मला एक गंमत दाखवली होती. मला उंच स्टुलावर बसवून, पाय लोंबते ठेवून, गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी अलगद मारली. पाय उडाला. मी उडवला नव्हता. मी दचकले आणि परकर सावरत बसले. मामा हसून म्हणाले होते, “तुला विचारलंच नाही त्याने!” शिपाई पडले तेव्हा मला ते आठवलं. मामांचं शरीरशास्त्राचं जाड पुस्तक उघडून मी तेच पान शोधलं.

मला वाटत असे की स्नायू नुसतं काम करतो, हुकूम वरून येतो. पुस्तक सांगत होतं की स्नायू बातमीही पाठवतो. त्याच्या आत बारीक तंतू असतात. स्नायू ताणला की ते तंतू ताण मोजतात आणि मज्जातंतूंतून ती खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे जाते. मेंदूला कळायच्या आधीच तिथून परत हुकूम येतो आणि ताणलेला स्नायू आखडतो. हातोडीने एवढंच होतं. पण हातोडी नसतानाही हे सतत चाललेलं असतं. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर थोडं पुढे झुकतं, पोटरी ताणली जाते, खबर जाते, पोटरी आखडते आणि आपण पडत नाही. तीच खबर वर मेंदूकडेही जाते, म्हणून अंधारातही आपला पाय कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

संध्याकाळी बाजाराच्या रस्त्याने बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन उतार उतरायच्या. मोळी डोक्यावर असली की खाली बघता येत नाही. त्यांचे पाय दगड, खड्डा, वळण आपणच ओळखून पडत. ते पान वाचल्यावर मी त्या पायांकडे पाहत राहिले आणि शिपायांचं काय गेलं आहे ते माझ्या ध्यानात आलं. ताकद गेली नव्हती. खबर देणारे तंतू गेले होते. त्या तंतूंचं काम ते डोळ्यांकडून करून घेत होते.

हे मी कुणालाही सांगितलं नाही.

दाखल्यांचा दिवस आला. कचेरीत प्यालेला माणूस ओळखायची एक रीत पडली होती. यंत्र काही नव्हतं. म्हणून संशयिताला दवाखान्याच्या ओसरीवर चुन्याच्या रेघेवर पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचे. डुलला तर प्यालेला. ही रीत कुणी काढली ते ठाऊक नाही, पण सगळ्यांचा तिच्यावर विश्वास होता आणि बघायला आवारात गर्दी जमे.

“चला, तुमची पाळी,” हेडक्लार्क शिपायांना म्हणाले. “घाबरू नका. निर्मळ माणसाला काय भीती?”

शिपाई रेघेवर उभे राहिले. डोळे उघडे होते तोवर नीट उभे होते. मग डोळे मिटले. दोन श्वासांत त्यांचं सगळं अंग हललं आणि ते खांबावर जाऊन आदळले. गर्दीतून शिट्टी आली.

“झालं. घ्या लिहून, डॉक्टरसाहेब.”

मामा उठून त्यांच्या तोंडाजवळ गेले. “वास तर नाही.”

“अहो, कांदा चावून येतात हे लोक. इतकी वर्षं बघतोय मी.”

मामांना त्याच दिवशी मोखाड्याला जायचं होतं. जीप बाहेर थांबली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, खुर्चीत बसले आणि पेनाचं टोपण काढलं. शिपाई खांबाला धरून उभे होते. त्यांनी नजर पुन्हा पायांवर लावली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. मामांनी त्यांना आत नेऊन तपासलं. दोन्ही गुडघ्यांवर हातोडी मारली, पाय तसेच लोंबत राहिले. डोळे मिटवून त्यांचा अंगठा वर-खाली केला तर कुठल्या बाजूला आहे ते त्यांना सांगता येईना. आणि त्याच पायाने त्यांनी मामांच्या हाताला असा रेटा दिला की मामा एक पाऊल मागे सरले. ‘मज्जातंतूंचा विकार, मद्याचं लक्षण नाही, बैठ्या कामास योग्य’ असं मामांनी लिहिलं. कागद बरेच दिवस फिरला. शेवटी शिपायांना दफ्तरांच्या खोलीत जुने कागद कापडी रुमालांत बांधायचं काम मिळालं. मोखाड्याची पायवाट त्यांनी पुन्हा धरली नाही. विकार बरा झाला नाही, पुढे हातात काठी आली. माझ्याशी ते पूर्वीसारखं बोलले नाहीत. त्यांना राग होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही. चुन्याची रेघ मामांनी पुसायला लावली. तिच्यावर याआधी किती जण प्यालेले ठरले आणि त्यातले किती खरंच प्याले होते, याचा शोध कुणी घेतला नाही.

पण त्या घडीला यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. पेन कागदाला टेकलं होतं. आवारात वीसेक माणसं होती, हेडक्लार्क हसत होते. मी बोलले तर वचन मोडणार होतं आणि शिपाई ज्याला भीत होते तेच कदाचित व्हायचं होतं. नाही बोलले तर ते नक्कीच बुडणार होते. मी दाराची चौकट ओलांडून ओसरीवर आले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“मामा, लिहू नका. हे प्यालेले नाहीत, आजारी आहेत. यांनी मला कुणाला सांगू नका म्हटलं होतं, तरी मी सांगते आहे.”